रॉकेटची लदेणी

समुद्रकाठच्या केंद्रातून, मे १९७५

आपल्या तांड्याचे नायक तीर्थरूप हरिसिंग काका यांच्या पायांवर डोकं ठेवून पुतण्या सेवादासचा दंडवत. चैत्रात येऊन गेलो तेव्हा तुम्ही बजावलं होतं, की पुढच्या पत्रात नुसतं सेवादास लिहू नको, 'रॉकेटवाला सेवादास' लिही, म्हणजे पोस्टमनलाही धाक राहील. तेव्हा रॉकेटवाल्या सेवादासचा दंडवत असं समजावं. केशर काकीलाही तितकाच, खरं तर थोडा जास्त. इकडे मी खुशाल आहे. हवा खारट आहे, भात तिन्ही त्रिकाळ आहे, आणि ज्वारीची भाकरी फक्त स्वप्नात येते, तीही कोरडी. तुमच्या गुडघ्याचं काय? मास्तरांनी कळवलं होतं की तुम्ही त्याला बिब्बा लावला, बिब्बा उतला, आणि आता गुडघा राहिला बाजूला, माणूस बिब्ब्याच्या जखमेनं लंगडतो आहे. काका, वाशीमला डॉक्टर आहे. एस.टी.त बसावं लागतं एवढाच काय तो त्रास. काकीचा खोकला कसा आहे? तांबडी गाय व्याली का? गोऱ्हा झाला असेल तर विकू नका, आणि कालवड झाली असेल तर रामधनदादाला दाखवू नका. त्यानं मागच्या कालवडीला नुसतं "चांगली हाय" म्हटलं आणि ती तिसऱ्या दिवशी आडवी झाली.

(गोपीचंद मास्तर, नमस्कार. हे पत्र तुम्हीच वाचून दाखवणार आणि त्या वेळी निंबाखाली अर्धा तांडा बसलेला असणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून कंसातलं आहे ते तुमच्यासाठी, मनातल्या मनात वाचायचं. बाकीचं खड्या आवाजात, आणि माझं कौतुक आलं की जरा थांबून.)

पत्र मोठं होणार आहे, कारण ते रामधनदादाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. दादानं चार माणसांत विचारलं होतं, "सेवा इंजिनेर झाला म्हनते, मंग बांधते काय तो? ना पूल, ना धरन, ना सडक." प्रश्न बरोबर आहे. मी काही बांधत नाही. माझ्या हुद्द्याचं नाव लॉजिस्टिक्स इंजिनियर असं आहे, आणि ते ऐकून आमच्या हॉस्टेलचा आचारीसुद्धा मला सहानुभूतीनं जास्त भात वाढतो. पण काम असं आहे, की रॉकेट काही एका जागी तयार होत नाही. नळकांडं एका गावात होतं, पंख दुसऱ्या, टोक तिसऱ्या. हे सगळं डोंगर, नद्या, फाटकं आणि जकात नाके ओलांडून, न वाकता, न भिजता, ज्या दिवशी पाहिजे त्याच दिवशी समुद्रकाठी आलं पाहिजे. कोणता रस्ता घ्यायचा, कोणता पूल किती वजन पेलतो, काय आधी चढवायचं आणि काय मागून, दोर कुठून कुठे न्यायचा, हे ठरवणारा माणूस म्हणजे मी. हे एवढं सगळं मी तुम्हाला चैत्रात समजावून सांगितलं तेव्हा तुम्ही चिलीम खाली ठेवलीत आणि म्हणालात, "मंग सरळ लदेनी म्हन ना बापा! आपला बाप-आजा दुसरं काय करत होता?"

काका, कॉलेजात पाच वर्षं गेली, नोकरीत तीन गेली, पण माझं काम मला इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. आपल्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून देशावर नेलं. तुम्ही लहानपणी त्या बैलांच्या मागून चाललात. आणि मी आभाळात जाणारी वस्तू लादतो. मला या गोष्टीचा इतका अभिमान वाटतो की मी ती इथं सगळ्यांना सांगितली. आता मला पाहिल्यावर लोक रस्ता बदलतात.

तर मागच्या खेपेला जे झालं ते तांड्यानं तुकड्यातुकड्यानं पाहिलं, रामधनदादानं त्याला शिंगं-शेपूट लावून पार कारंज्याच्या बाजारापर्यंत पोचवलं असं ऐकतो. म्हणून पहिल्यापासून लिहितो. हा माल माझ्या एकट्याच्या जबाबदारीवर आलेला पहिला माल होता. आजवर मी कोणाच्या तरी हाताखाली चालत होतो. आमच्या मोठ्या साहेबांनी (माणूस देवासारखा, पण देवासारखाच कधी बोलत नाही) निघताना एवढंच सांगितलं, की सगळं पोचलं तर तू नोकरीत कायम, आणि काही राहिलं तर तूही तिकडेच राहा. नागपुराकडच्या एका कारखान्यातून नळकांडं, पंख, टोक अशा पेट्या घेतल्या. नेहमीच्या रस्त्यावरचा एक पूल दुरुस्तीला काढलेला होता. तेव्हा मी स्वतः नकाशा पुढे घेऊन दुसरा रस्ता आखला: अमरावती, कारंजा, आणि कारंज्याहून मंगरूळपीर-वाशीमचा रस्ताही डांबरासाठी उकरलेला असल्यामुळे मानोऱ्यावरून खाली.

(मास्तर, तो रस्ता एवढा काही उकरलेला नव्हता. एका बाजूनं गाड्या चालू होत्या. पण चार वर्षांत तांडा दिसला नव्हता. मानोऱ्याकडे जाणारा फाटा आला आणि मी ड्रायव्हरला म्हणालो, डावीकडे घ्या. हे वाचू नका, काका म्हणतील सरकारी डिझेल जाळलं.)

ड्रायव्हर मोहनसिंग तुमच्या ओळखीचा झालाच आहे. नागपूरचा सरदारजी, बोलतो हिंदी, शिव्या पंजाबीत आणि तिखट खातो आपल्यासारखं. मी त्याला कागद दाखवला. कागदावर प्रत्येक पूल, प्रत्येक मोरी, आडव्या आलेल्या विजेच्या तारा, बाभळीच्या फांद्या, सगळं टिपलेलं होतं. 'माल गर्दीपासून दूर ठेवावा' हे वाक्यही होतं, आणि ते मीच लिहिलेलं होतं. मोहनसिंगनं कागद वाचून मान हलवली आणि आम्ही त्या कागदाच्या आधारानं सरळ पोहरादेवीच्या यात्रेत शिरलो.

आता तुम्ही हसाल. हसा. ज्या पोराचं नाव आपल्या संत सेवाभायांवरून ठेवलं, ज्याला तुम्ही खांद्यावर बसवून पोहऱ्याला नेलं, तो पोरगा हिंदुस्थानातल्या रस्त्यांचा हिशेब करतो आणि रामनवमी विसरतो. इंग्रजी तारखांनी माणसाचं असं होतं. पुढे बैलगाड्या, मागे बैलगाड्या, बाजूनं नगारे, पांढरे झेंडे, आरशांचे घागरे. ट्रक पुढे सरकेना. ताडपत्रीखाली लांबच लांब काहीतरी झाकलेलं आहे म्हटल्यावर लोकांनी अंदाज बांधायला सुरुवात केली. एक म्हणाला धरणाचा पाइप आहे. दुसरा म्हणाला, पाइपाले कोनी दोरानं एवढं जपते काय, देवीसाठी कळस आनला. झालं! कळस म्हटल्यावर कोणी थांबतं? एका म्हातारीनं पुढे होऊन बॉनेटला हळदकुंकू लावलं. मागून नारळ आले. मी वर उभा राहून ओरडत होतो, की हा सरकारी माल आहे, हात लावू नका. ते ऐकून लोकांना वाटलं कळस सरकारनं दिला आहे, आणि त्यांनी सरकारचा जयजयकार केला. मोहनसिंगच्या हातात प्रसाद पडला तेव्हापासून त्यानं हॉर्न वाजवणं बंद केलं.

अशात तुम्ही दिसलात. पागोटं, काठी, आणि बिब्बा लावायच्या आधीचा तो धडधाकट गुडघा. मला वाटलं चार वर्षांनी पोरगा भेटतो आहे, तुम्ही गळ्यात पडाल. तुम्ही ट्रकच्या पायरीवर चढलात, खिडकीतून आत डोकावलात आणि म्हणालात, "अबे सेवा, रामनवमीले पोहऱ्याच्या वाटेनं गाडी आनते? हे तुले कोन्या कालेजात शिकवलं?" आणि मग आमच्या बरोबर आत बसून, गर्दीला काठीनं बाजूला करत, ओढ्याच्या अंगानं ट्रक तांड्यावर काढलात. गर्दी ओसरेपर्यंत थांबायचं, एवढंच ठरलं होतं. मुक्काम नाही, माल उतरवायचा नाही, ताडपत्री काढायची नाही. तुम्ही होय म्हणालात. काका, तुम्ही साफ होय म्हणालात.

जेवण काय झालं ते मी इथं लिहीत नाही, कारण लिहिलं तर मला आज रात्री झोप यायची नाही. काकी समोर बसून वाढत होती आणि एकच विचारत होती, "आता कधी येशीन?" मी म्हणालो, पुढच्या वर्षी नक्की. "मागल्या साली मास्तरानं हेच वाचून दाखोलं," ती म्हणाली आणि आणखी एक भाकरी टाकली. अशी भाकरी पोटात गेल्यावर डोळा लागला नाही तर तो माणूस कसला? खाटेवर जरा पाठ टेकली. जागा झालो तेव्हा ऊन कललं होतं, तांडा चिडीचूप होता, आणि ट्रक रिकामा होता.

काका, माझ्या आयुष्यात मी दोनदा घाबरलो आहे. एकदा लहानपणी विहिरीत पडलो तेव्हा, आणि एकदा तेव्हा. धावत निंबाखाली आलो तर सगळं रॉकेट तिथं मांडलेलं! नळकांडं गवताच्या गादीवर, त्यावर काकीची गोधडी. पंखांच्या पेटीवर शेळी. 'ही बाजू वर' असं लिहिलेली पेटी नेमकी उलटी, आणि तिच्यावर तुम्ही बसलेले. भोवती तांड्यातले सगळे म्हातारे, आणि त्यांच्यात मांडी घालून, प्रसादाचं खोबरं चघळत, माझा मोहनसिंग. मी त्याच्याकडे पाहिलं तर तो म्हणतो, "साब, नायकजी का हुकम था." सरकारी ड्रायव्हर माझा, आणि हुकूम नायकाचा!

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. "लादलेलं जनावर दारात उभं ठेवून धनी घास घेत नाही. तू पोटभर जेवला, घोरला, आन ते बिचारं उन्हात ओझं घेऊन उभं. बैल असो का टरक, पाठ ती पाठ." मी म्हणालो, काका, ट्रकला पाठ दुखत नाही. त्यावर तुम्ही चाकांकडे बोट दाखवून म्हणालात, "मंग फुगला कायले तो?" चाकं फुगलेलीच असतात हे मी तुम्हाला समजावत बसलो, यावरून माझी मनःस्थिती लक्षात यावी. मोहनसिंग सांगत होता की तुम्ही चाकांपुढे पाण्याची बादलीही ठेवली होती.

त्यात रामधनदादा. त्यानं नळकांड्याच्या एका तोंडातून आत पाहिलं, दुसऱ्या तोंडातून पाहिलं, आणि जाहीर केलं, की हे पोकळ आहे. एवढ्या पोकळ वस्तूले एवढा मान कायले? मी सांगितलं, यात समुद्रकाठी इंधन भरतात, मग ते वर जातं, ढगांच्याही पार वर, तिथल्या वाऱ्याचा तपास करतं आणि मग समुद्रात पडतं. दादानं नळकांड्यावर टिचकी मारली. मग म्हणाला, "पाडाचंच हाय तं तेवढ्या लांब कायले नेता? आपल्या अडान नदीत पाडा." सगळे म्हातारे माझ्याकडे पाहू लागले. मी प्रश्न आराखड्याच्या कोपऱ्यात टिपून घेतला. इथं येऊन मोठ्या साहेबांना विचारलं, तर तेही नकाशात अडाण नदी शोधत बसले.

पुढचं मात्र मास्तरांनी नीट, सावकाश वाचावं. तुम्ही उठलात आणि माल चढवायला सुरुवात केलीत, तुमच्या पद्धतीनं. जड ओझं कण्याजवळ, दोन्ही बाजूंना सारखं, हलकं वर. बैलाच्या पाठीवर ते बरोबरच आहे. पण ट्रकवर नळकांडं आधी आणि मधोमध गेलं पाहिजे, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात पंखांच्या पेट्या त्याच्यावर आपटतील. मी माझा आराखडा उलगडला. तुम्ही तो पाहिलात आणि उडू नये म्हणून त्याच्यावर तंबाखूचा बटवा ठेवलात. मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, पोरा, मी तुझ्या बापाच्या आधी लदेणी पाहिली. आणि मग मी ओरडलो. नायकावर, तांड्यासमोर, जन्मात पहिल्यांदा. काय ओरडलो ते आठवत नाही, पण 'हा माल माझा आहे, मी सांगेन तसाच चढेल' असं काहीतरी होतं. रामधनदादा शेळीच्या मागे जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता काठी बसते.

तुम्ही दोन पावलं पुढे आलात. मग म्हणालात, "आज तू लदेनीवाला झाला. मालासाठी नायकावर वरडला." आणि काठी बाजूला ठेवून म्हणालात, "सांग, कसं लादाचं?"

काका, आमच्याकडे कोणी चांगलं काम केलं की एक इंग्रजी कागद देतात, त्याला काच बसवून लोक भिंतीवर लावतात. माझ्या भिंतीवर अजून काही नाही. पण मला कोणी विचारलं तर मी त्या दिवशीचं तुमचं वाक्य सांगतो. सगळा तांडा माझ्या आराखड्याप्रमाणे माल चढवत होता. दोर मात्र तुम्ही बांधलेत, आणि तिथं मी तोंड उघडलं नाही. संध्याकाळच्या आत आम्ही दिग्रसच्या रस्त्याला लागलो. एकच गोष्ट मनाला लागली. काकीनं निघताना काही बांधून दिलं नाही. ना चटणी, ना डाळ. काकी दारात उभी होती आणि हसत होती. म्हटलं, पोरगा साहेब झाला, आता याला काय द्यायचं, असं वाटलं असेल.

इथं पोचलो तेव्हा फाटकावरच्या काट्यावर ट्रकचं वजन झालं. नागपूरला भरलं होतं तेवढंच भरलं, इकडचा तोळा तिकडे नाही. मग दोर सोडायची वेळ आली. मी सगळ्यांना बाजूला सारलं, म्हटलं ही आमच्या तांड्याची गाठ आहे, बाहेरच्या माणसाचं काम नाही. काका, अर्धा दिवस मी त्या गाठीशी झटलो. नखं तुटली. एका मद्राशी मित्रानं तेल आणलं, एका बंगाली मित्रानं सुई. मोठे साहेब स्टूल घेऊन समोर बसले. शेवटी करवत आणावी लागली. साहेबांनी दोराचा तो तुकडा हातात घेऊन विचारलं, हे कोणी बांधलं? मी म्हणालो, आमच्या तांड्याच्या नायकांनी. साहेब म्हणाले, आपण आजवर माल कसा निसटणार नाही याची काळजी केली, तो सुटणार कसा याचीही करायला हवी. हे त्यांचं या वर्षातलं सगळ्यात लांब वाक्य.

तर रामधनदादा, मी काय बांधतो ते हे असं. मी पूल बांधत नाही, पण त्यावरून काय जाईल ते मी ठरवतो. आणि आपल्या तांड्यावरून गेलेला माल समुद्रकाठी पोचला, हे तुझ्या कारंज्याच्या गिऱ्हाइकांना सांग. शिंगं-शेपूट लाव, माझी हरकत नाही.

तांड्यातल्या थोरांना दंडवत, बरोबरीच्यांना राम राम, लहानांच्या गालांना दोन दोन चिमटे, आणि तांबड्या गाईच्या पाठीवरून माझ्या नावानं एक हात.

तुमचाच,
रॉकेटवाला सेवादास

ता. क. (मास्तर, पत्र इथं संपलं असं सांगा, कागदाची घडी घाला आणि लोकांना जाऊ द्या. रामधनदादा शेवटपर्यंत रेंगाळेल, त्याला तंबाखू आणायला पाठवा. मग पुढचं फक्त काकांना वाचून दाखवा.) काका, माल पोचला असं वर लिहिलं, त्यात माल म्हणजे टोक सोडून. रॉकेटचं सगळ्यात वरचं टोक. चकचकीत, निमुळतं, उलटं धरलं तर परातीएवढ्या तोंडाचं. सगळ्यात लहान पेटीत होतं. ती पेटी मोठ्या साहेबांसमोर, सगळ्या खात्यासमोर मी स्वतः उघडली, आणि तिच्यातून काकीच्या हातची कवड्या-आरशांची झोळी निघाली. झोळीत तुरीची डाळ, वाळल्या मिरच्या आणि गुळाचा खडा, बरोबर टोकाच्या वजनाचं! साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. डाळ होती ती डाळच राहिली. तेव्हा मला आजोबा सांगायचे ते आठवलं, की आपल्या घरात माणूस लदेणीवर निघाला की घरची बाई त्याच्या ओझ्यातला एक जिन्नस चुलीपाशी ठेवून घ्यायची आणि तेवढ्याच वजनाचं घरचं धान्य भरून द्यायची. तोल राहतो म्हणून बैलाची पाठही सोलवटत नाही, आणि माणूस आपला जिन्नस न्यायला परत येतो. काका, काकीला विचारा. रागावू नका, नुसतं विचारा. टोक सापडलं की त्याला राखेनं घासू नका. त्यात दही लावलं असेल तर दही दुसऱ्या भांड्यात काढा. त्याला हळदकुंकू लागलं असेल तर राहू द्या, ते आम्ही इथं पाहू. मानोऱ्याच्या पुढच्या बाजारच्या दिवशी मोहनसिंग जीप घेऊन येईल, त्याच्या हाती द्या. पावसाच्या आत टोक आलं तर रॉकेट वर जाईल आणि मी कायम होईन. नाही आलं तर दोघंही जमिनीवर. डाळीचं म्हणाल तर आमच्या आचाऱ्यानं तिचं सांबार केलं. सगळ्या खात्यानं बोटं चाटली आणि डाळ कुठली म्हणून विचारलं. मी सांगितलं, वऱ्हाडातली. अभिमान वाटला, पण माझी वाटी मी आचाऱ्याला परत दिली.

ता. क. दुसरी. (हे फक्त मास्तरांसाठी.) मास्तर, काकी टोक देणार नाही याची मला भीती आहे. तुम्ही तिला सांगाल की टोक दिलं नाही तर सेवादासची नोकरी जाईल. कृपा करून हे चुकूनही सांगू नका. नोकरी गेली तर पोरगा घरी येईल, एवढंच तिच्या कानात शिरेल, आणि मग ते टोक तुम्हालाच काय, कलेक्टरलाही सापडायचं नाही.

ता. क. तिसरी. पाकीट चिकटवणार एवढ्यात मोठ्या साहेबांनी बोलावलं, म्हणून ही आणखी एक, काका, तुमच्यासाठी. मोहनसिंगच्या हाती काहीही देऊ नका. मी साहेबांना ती जिन्नस ठेवून घ्यायची रीत पहिल्यापासून सांगितली होती. त्यांनी ती ऐकून घेतली आणि आज विचारलं, घरी शेवटचं राहायला कधी गेला होतास? मी सांगितलं, चार वर्षांमागे, त्यानंतर रजेचे अर्ज केले ते कामामुळे नामंजूर झाले. साहेब म्हणाले, म्हणजे ते टोक दुसऱ्या कोणाला मिळायचंच नाही. आणि त्यांनी मला आठ दिवस तांड्यावर राहून, त्या बाईंचं समाधान होईपर्यंत थांबून, टोक घेऊन येण्याचा लेखी हुकूम दिला आहे. जाण्या-येण्याचा खर्च सरकारचा. काकीला सांगा, माझ्या सगळ्या अर्जांनी झालं नाही ते तिच्या डाळीनं केलं. पुढच्या खेपेला तिनं काय ठेवून घ्यायचं ते आधी मला विचारावं, नळकांडं ठेवलं तर महिनाभर मिळेल.

आता मास्तर, सगळ्यांना परत बोलवा, रामधनदादालाही, आणि निंबाखाली उभे राहून मोठ्यानं वाचा: सेवादास येतो आहे, सरकार त्याला स्वतःच्या खर्चानं पाठवत आहे. कशासाठी, ते तेवढं सांगू नका.